व्यवसाय : गृहिणी

माझी एक मावशी आखातातील एका इस्पितळात परिचारिका आहे. दर दोन वर्षांनी ती महिनाभराची रजा घेऊन घरी येते. मागच्या खेपेस तिने आम्हांला तिथले फोटो दाखविले. त्यांतल्या पुष्कळ फोटोंत तिच्या शेजारी एक ठेंगणीशी, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. ही तिच्याच खोलीत राहणारी फिलिपिनो परिचारिका. "पगार झाला की ही आधी पैसे पाठवायच्या रांगेत उभी राहते, मग जेवायला येते," मावशी सांगत होती. "मुलगी तीन वर्षांची असताना घर सोडलं हिनं. आता ती मुलगी दहावीत आहे." त्यावर "आणि तुझा मुलगा गं?" असे माझ्या अगदी ओठांवर आले होते, पण मी विचारले नाही. माझा मावसभाऊ आमच्याच घरी, आजीजवळ वाढला आहे. ते मावशीलाही ठाऊक होते आणि मलाही.

त्या दिवसापासून फिलिपिन्समधील स्त्रियांविषयी मिळेल ते मी वाचत गेले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फळ होय.

मनिला हे नाव आपल्याला नवे नाही. मॅगसेसे पुरस्काराचे ते गाव. विनोबाजींना १९५८ साली, जामखेडच्या डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांना १९७९ साली, बाबा आमटे यांना १९८५ साली आणि हेमलकशाच्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली हा पुरस्कार मिळाला. आपल्या माणसांचे कौतुक ज्या देशाने केले त्या देशाच्या माणसांविषयी मात्र आपली माहिती फार तुटपुंजी आहे. फिलिपिनो स्त्री म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तर परदेशातली मोलकरीण येते, नाही तर परिचारिका, नाही तर विश्वसुंदरी. १९६९, १९७३, २०१५ आणि २०१८ अशा चार वेळा 'मिस युनिव्हर्स' हा किताब त्या देशाच्या मुलींनी पटकावला, हे खरे आहे. पण या तीन चित्रांच्या मागे जी स्त्री उभी आहे तिची ओळख त्यांतून होत नाही.

तिच्या इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट पुनःपुन्हा नजरेस येते. या बेटांवर स्त्रीला घरात कधीच दुबळी मानलेले नाही. घराची किल्ली, पैशाची थैली आणि मुलांच्या शिक्षणाचा निर्णय तिच्याच हाती असतो. तिचा झगडा घराबाहेरचा आहे. प्रत्येक संकटात देशाने तिला घराबाहेर बोलाविले, तिच्याकडून काम करून घेतले, तिच्या गळ्यात हार घातला. आणि हक्काची गोष्ट निघाली की तिला थांबावयास सांगितले. हार लवकर आणि हक्क उशिरा, असा हा सारा प्रवास आहे.

'तो' नाही आणि 'ती'ही नाही

आरंभ भाषेपासून करू. आपल्या मराठीत तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत. टागालोग या तिकडच्या प्रमुख भाषेत तिन्हींच्या जागी माणसासाठी एकच सर्वनाम आहे, ते म्हणजे 'सिया'. एखाद्याविषयी बोलताना ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे सर्वनामावरून कळतच नाही. 'आसावा' या शब्दाचा अर्थ नवराही होतो आणि बायकोही. तिथली जुनी उत्पत्तिकथाही अशीच आहे. बांबूचे एक पेर फुटले आणि त्यातून पुरुष व स्त्री एकाच वेळी बाहेर आली. त्यांची नावे मालाकास आणि मागांदा, म्हणजे बलवान आणि सुंदर. पुरुषाच्या बरगडीतून स्त्री घडली, ही कथा पुढे स्पॅनिश पाद्र्यांबरोबर आली.

भाषेवरून समाजाची परीक्षा करणे धोक्याचे असते, हे खरे. तथापि स्पॅनिश राजवटीच्या आरंभीचे वृत्तांत पाहिले तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात. वंश आई व बाप या दोन्ही बाजूंनी मोजला जाई. मुलींना वारसा मिळे. लग्नात वराकडून वधूच्या घरी धन जाई. नवराबायकोला काडीमोड घेता येई. देवकार्य, औषधपाणी आणि गावाची स्मृती सांभाळणारी 'बाबायलान' बहुधा स्त्री असे. याचा अर्थ तेव्हा सुवर्णयुग होते असा कोणी काढू नये. त्या समाजात दास होते, दासीही होत्या, आणि सरदाराच्या घरची लेक व दासीची लेक यांच्यात मोठे अंतर होते. परंतु स्त्रीचे स्थान पुरुषाच्या मागे आहे ही शिकवण त्या मातीतली नव्हती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

१५६५ साली स्पेनचा अंमल सुरू झाला आणि तो १८९८ पर्यंत टिकला. राजा दुसरा फिलिप याच्या नावावरून बेटांना फिलिपिन्स हे नाव मिळाले. बाबायलानला पाद्र्यांनी चेटकीण ठरविले. घर आणि देवघर हेच स्त्रीचे जग, असा उपदेश सुरू झाला. त्या उपदेशातून जी आदर्श स्त्री घडली तिला पुढे एका कादंबरीतील पात्राचे नाव चिकटले. होझे रिझाल यांच्या १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोली मे तांगेरे' या कादंबरीची नायिका मारिया क्लारा. सुंदर, आज्ञाधारक, सोशिक, रडणारी आणि अखेर मठात कोंडली जाणारी. रिझाल यांनी तिच्या द्वारे गुलामगिरीतल्या देशाची व्यथा सांगितली; लोकांनी मात्र तिलाच अनुकरणीय मानले. आजही अतिशय मर्यादशील मुलीला तिकडे 'मारिया क्लारा' म्हणतात.

पत्र घेऊन गेलेल्या मुली

मारिया क्लारा पुस्तकात अश्रू ढाळीत होती त्याच सुमारास खऱ्याखुऱ्या मुली काय करीत होत्या, ते पाहण्याजोगे आहे. मनिलाच्या उत्तरेस मालोलोस नावाचे गाव आहे. १२ डिसेंबर १८८८ रोजी स्पॅनिश गव्हर्नर जनरल वेय्लर त्या गावी आले असता वीस तरुणींनी त्यांच्या हाती एक पत्र ठेवले. मागणी साधी होती. आम्हांला स्पॅनिश भाषा शिकावयाची आहे. रात्रीची शाळा काढण्यास परवानगी द्यावी. स्पॅनिश ही कायद्याची, कचेरीची आणि सत्तेची भाषा. ती स्थानिक लोकांना येऊ नये यात पाद्र्यांचे हित होते, कारण सरकार आणि रयत यांच्यामधला दुभाषी तोच. साहजिकच गावच्या पाद्र्याने विरोध केला. मुलींनी माघार घेतली नाही. त्या पाठपुरावा करीत राहिल्या आणि १८८९ च्या फेब्रुवारीत परवानगी मिळाली. मात्र सरकार पैसा देणार नाही आणि वर्ग रात्री न भरता दिवसा भरावेत, अशा अटी घालण्यात आल्या. मुलींनी खर्च स्वतः सोसला.

त्या वेळी रिझाल लंडनमध्ये होते. मार्सेलो देल पिलार यांच्या सांगण्यावरून त्यांनी या मुलींना टागालोग भाषेत एक दीर्घ पत्र लिहिले. आईच गुलाम मनाची असेल तर मुले स्वतंत्र कशी निपजतील, असा त्या पत्राचा आशय आहे. शाळा जेमतेम काही महिने चालली. पण ज्या समाजात मुलीने पाद्र्यापुढे मान वर करावयाची नाही तिथे वीस जणींनी थेट राज्यकर्त्याच्या हाती अर्ज दिला, ही गोष्ट पुसली गेली नाही.

दुकानदार आजी

या मुलींच्या आधी सव्वाशे वर्षे एका स्त्रीने याहून भयंकर धाडस केले होते. इलोकोस प्रांतात दिएगो सिलांग याने स्पॅनिशांविरुद्ध बंड उभारले. १७६३ च्या मे महिन्यात त्याचा खून झाला. त्याची पत्नी गॅब्रिएला हिने शोक करीत न बसता सैन्याचे नेतृत्व हाती घेतले. चार महिने ती लढली. २० सप्टेंबर १७६३ रोजी विगान येथे तिला फाशी देण्यात आले. १९८४ साली तिथल्या स्त्री-संघटनांनी आपली जी आघाडी बांधली तिला 'गॅब्रिएला' हेच नाव दिले.

परंतु मला स्वतःला अधिक जवळची वाटली ती मेल्चोरा अकिनो. तिला सारे 'तांदांग सोरा', म्हणजे म्हातारी सोरा, म्हणतात. १८१२ चा तिचा जन्म. नवरा लवकर वारला. सहा मुले तिने एकटीने वाढविली. तिचे एक छोटे दुकान होते. १८९६ साली कातिपुनान या गुप्त संघटनेने क्रांतीचा झेंडा उभारला तेव्हा सोराआजी ८४ वर्षांची होती. तिने शस्त्र हाती घेतले नाही. भुकेल्या क्रांतिकारकांना तिने जेवू घातले, जखमींच्या जखमा बांधल्या, त्यांना आपल्या घरी आसरा दिला आणि त्यांच्या बैठकांना जागा दिली. आयुष्यभर जे घरात केले तेच तिने देशासाठी केले. स्पॅनिश सरकारला त्याचा अर्थ बरोबर कळला. त्यांनी तिला पकडले आणि दूर ग्वाम बेटावर हद्दपार केले. १९०३ साली ती परतली आणि १९१९ साली, वयाच्या १०७ व्या वर्षी, वारली. स्वयंपाक आणि शुश्रूषा यांना 'काम' न मानणाऱ्यांनी तिची हद्दपारी ध्यानात ठेवावी. साम्राज्याला भीती वाटावी इतके ते काम मोठे होते.

क्रांती झाली, स्पेन गेला, अमेरिका आली. क्रांतीत स्त्रिया होत्या. मतदानात मात्र त्या नव्हत्या. १९३५ च्या राज्यघटनेने पुरुषांना मत दिले आणि स्त्रियांना एक अट घातली. दोन वर्षांच्या आत सार्वमत घ्यावे आणि त्यात किमान ३ लाख स्त्रियांनी 'होय' म्हणावे, तर मताधिकार मिळेल. पुरुषांना अशी परीक्षा कोणी दिली नव्हती. बाईने राजकारणात पाऊल टाकले की घर मोडेल, हा आक्षेप तर नेहमीचाच. होसेफा यानेस एस्कोदा यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावोगाव फिरल्या. ३० एप्रिल १९३७ रोजी सार्वमत झाले. ४,४७,७२५ स्त्रियांनी 'होय' म्हटले. 'नाही' म्हणणाऱ्या निघाल्या ४४,३०७. याच एस्कोदाबाईंनी पुढे जपानी अंमलात युद्धकैद्यांना अन्न व औषधे पोचविली. त्यासाठी त्या पकडल्या गेल्या आणि १९४५ साली त्यांचा अंत झाला.

गृहिणी राष्ट्राध्यक्ष होते

फर्डिनांड मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. त्यांचे प्रमुख विरोधक बेनिग्नो अकिनो यांना सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवण्यात आले. पत्नी कोराझोन तुरुंगात भेटीला जात, निरोप आणीत, नवऱ्याच्या वतीने बोलत आणि पाच मुलांचे घर चालवीत. २१ ऑगस्ट १९८३ रोजी परदेशातून परतलेल्या बेनिग्नो यांना मनिलाच्या विमानतळावर गोळी घालण्यात आली. दोन वर्षांनी मार्कोस यांनी अचानक निवडणूक जाहीर केली तेव्हा विरोधकांना एकत्र बांधणारे एकच नाव उरले होते. उमेदवारीचा अर्ज भरताना कोराझोन यांनी आपला व्यवसाय 'गृहिणी' असा नोंदविला. मार्कोस यांनी टिंगल केली; बायकांनी शयनगृहापुरते बोलावे, अशा अर्थाचे उद्गार काढले.

७ फेब्रुवारी १९८६ रोजी मतदान झाले. दोनच दिवसांनी मनिलात एक विलक्षण प्रकार घडला. निवडणूक आयोगाच्या मतमोजणी केंद्रात संगणकावर काम करणाऱ्या तीसेक कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले की, आपण भरलेले आकडे आणि फलकावर लागणारे आकडे जुळत नाहीत. त्या साऱ्यांनी काम सोडले आणि त्या बाहेर पडल्या. 'पडल्या' असे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लावून त्यांनी रात्री एका चर्चचा आसरा घेतला.

२२ ते २५ फेब्रुवारी या चार दिवसांत एड्सा नावाच्या हमरस्त्यावर लाखो माणसे जमली. रणगाड्यांसमोर जोगिणी जपमाळ घेऊन गुडघे टेकून बसल्या. बायकांनी सैनिकांपुढे फुले आणि खाण्याचे पुडे धरले. नव्वद वर्षांपूर्वीची सोराआजी जणू पुन्हा रस्त्यावर आली होती. २५ फेब्रुवारीस मार्कोस देश सोडून गेले आणि त्याच दिवशी त्या गृहिणीने राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोराझोन अकिनो या साध्या घरच्या नव्हत्या. मोठ्या ऊसमळ्याच्या मालक घराण्यातल्या होत्या. त्यांच्याच कारकीर्दीत, २२ जानेवारी १९८७ रोजी, मनिलाच्या मेंदिओला पुलाजवळ जमीन मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि १३ जण ठार झाले. एक स्त्री सत्तेवर आली म्हणजे साऱ्या स्त्रियांचे, साऱ्या गरिबांचे राज्य आले असे होत नाही. १९८७ च्या नव्या राज्यघटनेने स्त्रीपुरुषांच्या कायद्यापुढील समानतेची ग्वाही दिली, हेही तितकेच खरे.

दुसऱ्यांची घरे

आता मावशीच्या मैत्रिणीकडे वळू. तिला आखातात कोणी आणले? उत्तर बरेच मागे जाते. १९७४ साली मार्कोस सरकारने नवा कामगार कायदा केला आणि माणसे परदेशी कामाला पाठविणे हे सरकारी धोरणच बनले. देशात रोजगार नव्हता, परकीय चलन हवे होते आणि तेलाच्या पैशावर आखातात बांधकामे निघत होती. प्रथम पुरुष गेले. पुढे हाँगकाँग, सिंगापूर, आखात, इटली येथून घरकामाला, मुले सांभाळावयास, रोग्यांची सेवा करावयास माणसे हवीत अशी मागणी आली. मग बायका निघाल्या. फिलिपिन्स सरकारच्या २०२३ सालच्या पाहणीनुसार सुमारे २१ लाख ६० हजार फिलिपिनो परदेशी कामावर होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्या वर्षी परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी पाठविलेली रक्कम ३३ अब्ज डॉलर्सहून अधिक भरली. आपल्या कोकणाला एके काळी मुंबईच्या मनिऑर्डरीने जगविले. इथे एक अख्खा देश तसा जगतो आहे. फरक इतकाच की कोकणात मनिऑर्डर पाठविणारा बहुधा पुरुष असे.

ती का जाते हे समजण्यास त्यांचे दोन शब्द उपयोगी पडतात. एक 'आते'. आपल्याला आत्या आठवेल, पण तिकडे 'आते' म्हणजे थोरली बहीण, आपली ताई. धाकट्या भावंडांची फी भरणे ही आतेची जबाबदारी, असे गृहीतच असते. दुसरा शब्द 'उतांग ना लोओब', म्हणजे अंतःकरणावरचे ऋण. आईबापांनी वाढविले, कोणी अडीअडचणीला धावले, ते ऋण पैशाने फिटत नाही, जन्मभर फेडीत राहावे लागते. अशा रीतीने देशाची गरज आणि कन्येचे कर्तव्य एकाच दिशेला ढकलू लागली की विमानात बसण्यावाचून मार्ग उरत नाही. हाँगकाँगात घरकाम करणाऱ्या कित्येक जणी पदवीधर आहेत, काही तर आपल्या गावी शिक्षिका होत्या.

हाँगकाँगातला रविवार हा एक पाहण्यासारखा प्रकार आहे म्हणतात. आठवड्याची एक सुट्टी कायद्याने मिळते. पण मालकाच्याच घरी राहण्याचे बंधन असल्याने सुट्टीत जावयाचे कोठे? मग शहराच्या मध्यभागी, बड्या बँकेच्या इमारतीखाली, पादचारी रस्त्यांवर हजारो फिलिपिनो स्त्रिया पुठ्ठे पसरून बसतात. डबे उघडतात, पत्ते रंगतात, नाच बसविले जातात, केस विंचरले जातात, गावी पाठवायच्या मोठमोठ्या खोक्यांत साबण, चॉकलेटे, मुलांचे बूट भरले जातात. याच पुठ्ठ्यांवर त्यांच्या संघटनाही उभ्या राहिल्या. करार संपला की दोन आठवड्यांत देश सोडावा, या १९८७ पासूनच्या नियमाविरुद्ध त्या याच रस्त्यांवरून मोर्चे काढीत आल्या. १९८६ पासून हाँगकाँगात राबणाऱ्या एका बाईने कायम वास्तव्याचा हक्क मागितला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २५ मार्च २०१३ रोजी ती हरली. तुम्ही कितीही वर्षे आमची मुले वाढवा, या शहरात तुम्ही पाहुण्याच, असा त्या निकालाचा अर्थ झाला.

१९८८ साली कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगातल्या याच स्त्रियांना 'बागोंग बायानी', म्हणजे 'नव्या वीरांगना', असे संबोधिले. किती गोड शब्द! पण १७ मार्च १९९५ रोजी फ्लोर कोंतेंप्लासिओन या घरकाम करणाऱ्या स्त्रीला सिंगापुरात खुनाच्या आरोपावरून फाशी झाली तेव्हा तिच्या देशात संतापाचा डोंब उसळला. आपले सरकार वेळेवर तिच्यामागे उभे राहिले नाही, ही लोकांची तक्रार होती. त्या संतापातूनच त्याच वर्षी परदेशी कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला. वीरांगना हे बिरुद फुकट मिळाले होते. कायद्यासाठी एक जीव जावा लागला.

आणि घरी राहिलेल्या मुलांचे काय? र्‍हासेल सालासार पारेन्यास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला आहे. त्यांचे निरीक्षण असे की, आई परदेशी गेली तरी घरचे काम सहसा बापाकडे जात नाही. ते आजीकडे, मावशीकडे, थोरल्या मुलीकडे किंवा आणखी गरीब अशा पगारी बाईकडे जाते. एका श्रीमंत घरातले मूल सांभाळावयास एक आई निघते, तिचे मूल सांभाळावयास दुसरी बाई लागते. साखळी लांबत जाते, आणि तिच्या प्रत्येक कडीत स्त्रीच असते.

हार आणि हक्क

ज्यांच्या वाट्याला हारही उशिरा आला, अशाही स्त्रिया आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने असंख्य मुलींना लष्करी तळांवर कोंडून त्यांच्यावर अत्याचार केले. मारिया रोसा हेन्सन त्यांतली एक. १९४३ साली, पंधरा वर्षांची असताना, ती सापडली. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे तिने हे दुःख उरात दडविले. १९९२ च्या सप्टेंबरात, आजी झाल्यावर, ती जगापुढे उभी राहिली आणि आपले नाव सांगून बोलली. असे बोलणारी ती पहिली फिलिपिनो स्त्री. तिच्यामागून इतर जणी पुढे आल्या. त्यांना लोक 'लोला' म्हणजे आजी म्हणतात. त्यांच्या स्मरणार्थ डिसेंबर २०१७ मध्ये मनिलाच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर एक पुतळा उभारला गेला. एप्रिल २०१८ मध्ये तो रातोरात हलविण्यात आला. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने, फिलिपिन्स सरकारने या आज्यांच्या बाबतीत कर्तव्यात कसूर केली, असा निर्णय दिला. तोवर बहुतेक आज्या जग सोडून गेल्या होत्या.

कायद्याच्या बाबतीतही असेच चित्र दिसते. एकीकडे प्रगती ठळक आहे. १९९७ साली बलात्कार हा 'शीलाविरुद्धचा' गुन्हा न राहता व्यक्तीविरुद्धचा गुन्हा ठरला; २००४ साली घरगुती अत्याचाराविरुद्ध कायदा आला; २००९ साली स्त्रियांच्या हक्कांची सनद संमत झाली; २०१२ साली, चर्चचा कडवा विरोध असता, कुटुंबनियोजनाचा कायदा झाला. घरकामगारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला फिलिपिन्सने २०१२ सालीच मान्यता दिली. आपल्या देशाने ती अजून दिलेली नाही. पण दुसरीकडे, मुसलमान नागरिकांसाठीचा वेगळा कायदा सोडला तर तिथे आजही घटस्फोट नाही. विवाह मुळातच अवैध होता असे कोर्टात सिद्ध करावे लागते आणि ते खर्चाचे व वेळखाऊ काम आहे. २०२४ साली कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचे विधेयक संमत केले, परंतु सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. ज्या बेटांवर चारशे वर्षांपूर्वी बाईला काडीमोड मिळत होती, तिथे ती आज मारकुट्या नवऱ्याच्या नावाला बांधलेली राहते.

इतके असूनही ही स्त्री खचलेली दिसत नाही. २०२१ साल तिचेच म्हटले पाहिजे. त्या वर्षी पत्रकार मारिया रेसा यांना शांततेच्या नोबेल पुरस्काराचा मान विभागून मिळाला. त्याच वर्षी २६ जुलैला तोक्यो येथे हिदिलिन दियास हिने ५५ किलो गटात भारोत्तोलनाचे सुवर्णपदक जिंकले. फिलिपिन्सचे ऑलिंपिकमधले ते पहिलेच सुवर्ण. झांबोआंगाच्या या मुलीचे वडील तीनचाकी चालवीत. लहानपणी ती घरासाठी लांबून पाणी वाहून आणी. साथीच्या काळात व्यायामशाळा बंद झाल्या तेव्हा तिने बांबूला पाण्याच्या बाटल्या अडकवून सराव चालू ठेवला. तिच्या पदकामागे पाणी भरण्याचे ते दिवस आहेत. पण पाणी भरणाऱ्या प्रत्येक मुलीला पदक मिळत नाही, हेही विसरता कामा नये.

म्हणूनच या स्त्रियांचा गौरव करताना लेखणी जरा अडखळते. सोशिक, कष्टाळू, हसतमुख, कुटुंबासाठी झिजणारी, हे सारे शब्द खरे आहेत. पण हेच शब्द आपण सोयीने वापरतो. 'ती सोसते' असे म्हटले की तिला सोसावे का लागते हे विचारण्याची गरज उरत नाही. मालोलोसच्या मुलींनी स्तुती मागितली नव्हती, शाळा मागितली होती. लोलांनी दया मागितली नाही, न्याय मागितला. हाँगकाँगातल्या बायकांना वीरांगना व्हावयाचे नाही. त्यांना योग्य पगार, हक्काची विश्रांती आणि मुलांजवळ परतता येईल असा देश हवा आहे.

मावशी परत गेली त्या दिवशी घरी येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणत होता, "धन्य आहे बाई तुमच्या मुलीची!" आजी मान डोलावीत होती. मावसभाऊ आतल्या खोलीत अभ्यासाचे पुस्तक उघडून बसला होता. पान मात्र उलटत नव्हते. विमानतळावर निघताना मावशीच्या सामानात आजीने तिळाच्या लाडवांचे दोन डबे भरले. एक तिच्यासाठी आणि दुसरा त्या फोटोतल्या बाईसाठी. आजीला फिलिपिन्स कोठे आहे हे ठाऊक नाही. पण तिने तो दुसरा डबा कोणी न सांगता भरला.